पाण्याखालची पडवी

बहिरूला झोप म्हणून लागत नसे. घरी बाजेवर पडला की रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. बायको रंभाबाई म्हणायची, ह्यांच्या शेजारी निजण्यापेक्षा पिठाच्या गिरणीत जाऊन निजलेलं बरं. ट्रकच्या केबिनमध्ये, कोळशाच्या पोत्यांवर, पौडच्या बाजारातल्या पारावर, सगळीकडं त्यानं पडून पाहिलं होतं. डोळे मिटायचे, पण आतला माणूस काही मिटत नसे. एका देवऋष्यानं लिंबू उतरवून दिलं, एका वैद्यानं टाळूला एरंडेल चोळायला सांगितलं. लिंबू वाळलं, एरंडेल संपलं, बहिरू जागाच.

फक्त एका जागी त्याला झोप लागायची. आणि ती अशी लागायची, की गाडीवरचा कोंडिबा हमाल त्याचे पाय धरून ओढायचा तेव्हा कुठं तो ‘अं’ म्हणायचा. ती जागा होती ट्रकच्या खाली, जुन्या गावातल्या एका पडवीत. आणि ती पडवी वर्षातले बहुतेक महिने धरणाच्या पाण्याखाली असायची.

मुळशीच्या खोऱ्यातल्या माणसाला यात नवल वाटण्यासारखं काही नाही. पाणी चढतं, पाणी उतरतं. चैत्र सरत आला की तलाव अंग आखडून घेतो आणि त्याच्या काठाकाठानं बुडालेली गावं हळूहळू वर येतात. आधी देवळाचं जोतं, मग विहिरीचं तोंड, आंब्यांचे काळे खुंट, आणि मग घरांचे पाये. गाव उठलं तेव्हा लोकांनी वासे, कौलं, दारं, चौकटी, जे उपटता येईल ते उपटून बैलगाड्यांतून वर नेलं होतं. दगड तेवढे राहिले. पाणी गेलं की जुनी गाडीवाटही उघडी पडायची, आणि पाण्यात राहून ती इतकी दबून बसली होती की रिकामा ट्रक तिच्यावरून बिनघोर खाली जायचा. वाटेच्या दोन्ही अंगांना वाळलेल्या गाळाच्या भेगा, त्यांतून उगवलेलं पोपटी लव्हाळं, पुढं पाणी, पाण्यापलीकडं निळे डोंगर. वाऱ्याबरोबर कुठूनतरी पिकल्या करवंदांचा वास यायचा. अशा जागी माणूस गेला की त्याचा आवाज आपोआप खाली येतो. कोंडिबासारखा तोंडाळ माणूससुद्धा तिथं कुजबुजत बोलायचा, आणि का कुजबुजतोस म्हणून विचारलं तर ओशाळायचा.

बहिरू पिरंगुटच्या एका मालकाचा ट्रक चालवायचा. ताम्हिणीच्या रानात कातकऱ्यांनी भट्ट्या लावून पाडलेला कोळसा पुण्याला पोचवायचा आणि येताना मीठ, पत्रे, कुणाची म्हातारी, कुणाचा बोकड, जे असेल ते घेऊन यायचं. त्या काळात खोऱ्यात डिझेलच्या गाड्या बोटावर मोजण्याइतक्या. चढाला लागलेल्या गाडीचा घोर आवाज ऐकून वाड्यावस्त्यांवरची माणसं ओळखायची की बहिरू चालला. गाडीला तो जिवापाड जपायचा. मालकाचं म्हणणं असं, की ऑईल बदलायला गाडी पुण्यात गॅरेजात घाल, तिथं खड्डा असतो, माणूस ताठ उभा राहून काम करतो. बहिरू व्हय म्हणायचा आणि उन्हाळा असला की गाडी खुशाल खाली जुन्या गावात घालायचा.

तिथं एका घराच्या पडवीच्या दोन भिंतींचे पाये समोरासमोर उरले होते. गुडघाभर उंच, आणि दोहोंमधलं अंतर असं बेताचं, की ट्रकची चाकं दोन बाजूंना दोन अशी नेमकी बसावीत. एका टोकाला बहिरूनं गाळ आणि धोंडे रचून चढण केली होती. गाडी त्या भिंतींच्या पायांवर घ्यायची, चाकं घसरू नयेत म्हणून दगडाच्या उटी लावायच्या, आणि मधल्या जमिनीवर उताणं होऊन आत सरकायचं. पहिल्या वर्षी आत पडायला जागा व्हावी म्हणून त्यानं गाळ उपसला, तेव्हा जमिनीत पुरलेलं एक दगडी उखळ हाताला लागलं. काळ्या दगडाचं, रुंद तोंडाचं, आणि बरोबर इंजिनच्या पोटाखाली आलेलं. आयतं पात्र मिळालं म्हणून बहिरू खूश झाला. डबा गाडीखाली उभा मावत नसे, घमेलं हिंदकळायचं. उखळ ना हिंदकळायचं, ना सांडायचं.

तेल बदलायची त्याची रीत ठरलेली होती. गाडी थंड असताना बुचाला हात लावायचा नाही. थंड तेल आळसट असतं, मळ आतच ठेवून येतं. गाडी चांगली पळवून आणायची, तेल तापलं की मग इंजिनच्या तळाचं, चेंबरचं बूच सोडायचं. काळी, चकाकती धार उखळात पडायची. उखळ भरलं की बूच लावायचं, करवंटीनं तेल डब्यात काढायचं, पुन्हा बूच सोडायचं. हे जळकं तेलही वाया जायचं नाही, बैलगाडीच्या आखाला आणि वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या मेढींना ते चोळायला लोक मागून न्यायचे. मग फिल्टर उतरवायचा. नवा मिळाला असेल तर नवा, नसेल तर जुनाच रॉकेलमध्ये खळखळून धुऊन उन्हात ठेवायचा. बुचाचा तांब्याचा वायसर पुसून घ्यायचा, ताजं तेल भरायचं, आणि गाडी चालू करून तेलाच्या दाबाच्या काट्याकडं बघत बसायचं. काटा शून्यावरून उठेपर्यंत बहिरू श्वास धरून असायचा. काटा उठला की म्हणायचा, आली जिवात.

पण या सगळ्याच्या मध्ये एक मोकळी घटका असायची. बाकीचे ड्रायव्हर धार बारीक झाली की बूच लावून मोकळे होत. बहिरू शेवटचा थेंब निथळेपर्यंत थांबायचा. थेंब उखळात पडायचे, आधी भरभर, मग सावकाश, मग दोन थेंबांमध्ये इतका वेळ जायचा की पुढचा येतो की नाही असं वाटावं. त्या आवाजावर बहिरूचे डोळे जड व्हायचे. झोपेत त्याला काही दिसायचं नाही, नुसतं जाणवायचं. कुठंतरी काहीतरी एका लयीत आदळतंय, बांगड्या वाजतायत, कोंड्याचा कोरडा वास येतोय, आणि कौलांच्या फटीतून उजेडाचे कवडसे अंगावर सांडलेत. जागा झाला की तो वेगळाच माणूस असायचा. चेहरा धुतल्यासारखा, बोलणं मऊ. कोंडिबानं त्या झोपेला ‘तेलझोप’ असं नाव ठेवलं होतं आणि साऱ्या रस्त्यावर ते प्रसिद्ध करून टाकलं होतं.

हे गाव बहिरूचंच. म्हणजे तो जन्मला इथं, पण आईच्या कडेवर असतानाच गाव उठलं, त्यामुळं त्याला त्यातलं काडीही आठवत नव्हतं. आपलं घर कुठलं हे त्यानं आईला लहानपणी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली होती, खालच्या अंगाला. खालच्या अंगाला उन्हाळ्यातही पाणीच असायचं. म्हणून बहिरूनं धरून टाकलं की आपलं घर अजून आतच आहे. काम झालं की पाण्याच्या कडेला बसून हात धुताना तो समोर बघायचा आणि मनात म्हणायचा, तिकडं कुठंतरी असेल. त्यात त्याला दुःख असं नव्हतं. उलट बरं वाटायचं, की आपलं एक घर पाण्यात जपून ठेवलेलं आहे.

आई, गोजराबाई, पुन्हा कधी खाली उतरली नव्हती. गाव उठल्यावर सारे वर नव्या जागी आले, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात बहिरूचा बाप तापानं गेला. तिनं दुसऱ्यांच्या खाचरात लावण्या करून पोराला वाढवलं. गावातल्या बाकीच्या बाया दर वैशाखात खाली जायच्या, देवळाच्या जोत्याला हळदकुंकू वाहायच्या, आपापल्या घराच्या दगडांवर बसून डोळ्याला पदर लावायच्या आणि करवंदं तोडत परत यायच्या. गोजराबाईला कुणी बोलावलं की ती म्हणायची, पाण्यात गेलं ते गेलं, आता काय माशांची विचारपूस करायला जायचं. लोक म्हणायचे, म्हातारीचं काळीज दगडाचं आहे. लोकांना काय, ते काहीही म्हणतात.

मग तिचे डोळे जायला लागले. एक आधीच विझला होता, दुसऱ्यावर धुकं धरलं होतं. पुण्याला नेतो, डॉक्टर पडदा काढतात, म्हणून बहिरूनं खूप मनधरणी केली. तिनं साफ सांगितलं, देवानं लावलेली झाकणं सुरीनं उघडायची नाहीत. आणि एका वैशाखात, सकाळी भाकरी थापता थापता, ती मध्येच थांबली.

“बहिरू, मला एकदा माजं घर दाव,” ती म्हणाली. “दिसतंय तवर.”

घर पाण्यात आहे, असं बहिरू म्हणाला. तिनं मान हलवली. ते पाण्यात नसतं, या दिवसांत वर येतं, साऱ्या बाया सांगतात, तू खाली ने, मी दाखवते, असं तिचं म्हणणं. बहिरूला आनंद झाला. इतकी वर्षं ज्या घराकडं तो पाण्यावरून नुसता बघत होता ते घर त्याला भेटणार होतं. गाडीचं ऑईलही बदलायला झालंच होतं. कोंडिबाला त्या दिवशी सुट्टी दिली, आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात मायलेकं ट्रकमधून निघाली.

गोजराबाई ट्रकमध्ये पहिल्यांदाच पुढं बसली होती. एका हातानं तिनं दाराची कडी घट्ट धरली होती, दुसरा हात मांडीवर पालथा. गाडी हलत होती, खिडकीतून येणारा वारा पदर फुगवत होता, आणि जन्मभर गप्प राहिलेली म्हातारी आपल्याआपण बोलायला लागली. कुणाला सांगत होती तेही कळत नव्हतं. घराला पडवी होती म्हणाली. पडवीत उखळ होतं. ते तिच्या बापानं दिलेलं. तिचं माहेर मुठा गावचं, तिथल्या पाथरवटाकडून बापानं मुद्दाम घडवून घेतलं आणि लग्नानंतर बैलगाडीत घालून, कोंड्यात पुरून, फुटू नये म्हणून डोंगराला वळसा घालून आणलं. साऱ्या गावात तसं उखळ नव्हतं. लोक बघायला यायचे.

“ते सोबत का न्हाई आणलं मग?” बहिरूनं विचारलं.

सासूनं आणू दिलं नाही, असं ती म्हणाली. वासे न्या, दारं न्या, पण उखळ उपटायचं नाही. उखळ उपटलं की घर उठलं. पाण्याखाली गेलं तरी घर ते घरच, त्याचं उखळ त्याच्या जागेला राहू दे, असं सासूनं बजावलं होतं.

“तू त्येच्या कडंलाच निजायचास,” गोजराबाई म्हणाली. “मी भात कांडायची आन् तू वाकळंवर. मुसळ पडतंय तवर गाढ. मुसळ थांबलं की रडत उठायचास. मग मी रिकामं मुसळच हळूहळू टाकत बसायची. सासू हसायची मला.”

बहिरूच्या छातीत काहीतरी सरकत जाग्यावर येऊन बसत होतं. गोजराबाई पुढं सांगतच होती, की उखळाच्या तोंडावर कडेकडेनं भाताचे दाणे कोरले होते, एकाला एक लागून, गोल. एका ठिकाणी पाथरवटाची छिन्नी निसटली होती, तिथं दाणा नव्हता, नुसता ओरखडा होता. बाप त्या ओरखड्यावरून पाथरवटाशी भांडला होता.

बहिरूचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून आपोआप उचलला गेला. गाडी आचके द्यायला लागली. तो ओरखडा त्याच्या अंगठ्याला पाठ होता. दर वेळी चिंधीनं उखळाचं तोंड पुसताना अंगठा तिथंच अडायचा.

माणसाला आनंद आणि लाज एकदम झाली की त्यातली लाज आधी उठून उभी राहते. बहिरूचं तसंच झालं. घर सापडलं, ते त्याच्या मनातही आलं नाही. त्याला आठवली ती एवढ्या वर्षांची काळी तेलं, एकामागून एक, त्या उखळात ओतलेली. आपल्याकडं उखळाला चुकून पाय लागला तरी हात लावून पाया पडतात. आणि हा गाडीखालून बाहेर सरकताना त्याच्याच काठावर टाच रोवून जोर घ्यायचा. म्हातारी विझत्या डोळ्यांनी शेवटचं बघायला आली आहे, आणि तिला काय दाखवायचं? तिच्या बापाच्या देणगीत जळकं तेल?

देवळापाशी आल्यावर त्यानं गाडी थांबवली. खाली उतरून आईला हात दिला आणि वरच्या अंगाच्या एका घराकडं घेऊन गेला. कुणाचं होतं त्याला माहीत नव्हतं, पण तिथंही जमिनीत एक उखळ आहे हे त्यानं पाहिलेलं होतं. स्वच्छ, पांढरट, गाळाचा थर बसलेलं. तो खाली बसला, हातानं गाळ काढला, आणि आईचा हात धरून त्या उखळावर ठेवला.

“हे बघ आये, हेच आपलं.”

गोजराबाईनं तोंडावरून हात फिरवला, पुरता एक वळसा. तिथं दाणेही नव्हते आणि ओरखडाही नव्हता. बहिरू दुसरीकडं बघत होता. दूर पाण्यात एक बगळा उभा होता.

“पान्यानं झिजलं आसंल,” गोजराबाई म्हणाली.

“व्हय,” बहिरू म्हणाला.

मग ती तिथंच मांडी घालून बसली आणि तू जा, गाडीचं काम उरक, मी बसते जरा, असं म्हणाली. बहिरूनं डोक्यावर घ्यायला तिला आपला टॉवेल दिला, पाण्याचा तांब्या जवळ ठेवला आणि पळ काढल्यासारखा निघून आला. आईला फसवलं होतं, आणि ती इतक्या सहज फसली होती की त्याला ते जास्तच लागलं. त्यापेक्षा ती रागावली असती तर बरं झालं असतं.

गाडी त्यानं भिंतींच्या पायांवर घेतली, उटी लावल्या, आणि घमेलं हातात धरून खाली सरकला. आज उखळात तेल सोडायचं नाही एवढं त्यानं ठरवलं होतं. पण हात सवयीचे गुलाम असतात. घमेलं पुढं ओढायच्या आधीच पाना बुचाला लागला होता, बूच फिरलं होतं, आणि तापलेलं काळं तेल नेहमीच्या वाटेनं उखळात पडायला लागलं होतं. बहिरूनं घाईघाईनं बूच उलटं फिरवून धार सुताएवढी बारीक केली, आणि पुढं काय करावं ते न सुचून तसाच पडून राहिला.

वर चासिस होती, काळी, आडव्या पट्ट्यांची. बघता बघता तिचे वासे झाले. वाशांवर कौलं आली, कौलांच्या फटींतून उजेडाचे कवडसे पडले, आणि ते त्याच्या तेलकट सदऱ्यावर हलायला लागले. इथं वाकळ होती. तिथं, उजवीकडं, उंबरा. उंबऱ्यापलीकडं गाव जागं होतं, कुणीतरी गुरं पाण्यावर नेत होतं, कुणीतरी कुणाला हाक मारत होतं, आणि हे सारं पाण्याखालून यावं तसं मंद, गोल होऊन कानावर येत होतं. बहिरू झोपला नव्हता. पण जागाही म्हणता आला नसता. इतकी वर्षं जो आवाज तो नुसता ऐकत होता त्याच्यामागं आज हात दिसत होते, तरणे, हिरव्या बांगड्यांचे, मुसळ उचलणारे. चेहरा काही दिसेना. आईचा तरुणपणचा चेहरा त्याला माहीतच नव्हता. पोरगं झोपावं म्हणून रिकामं मुसळ टाकत बसणारी ती पोरसवदा बाई त्याला इतकी जवळ वाटली की तिला हाक मारावी असं झालं.

तेवढ्यात चाकांच्या मधून त्याला पाय दिसले.

भेगाळलेले, अनवाणी, सावकाश येणारे पाय. त्यांना कुणी धरून आणलं नव्हतं. ते चाचपडतही नव्हते. वाळल्या गाळावरून ते सरळ आले, एका जागी जरा थबकले, डावीकडं वळले आणि पडवीपाशी पोचले. तिथला उंबरा केव्हाच उपटून वर नेला होता. तरीही पाय गुडघ्यातून उचलला गेला, नसलेला उंबरा ओलांडून आत पडला, आणि त्याच्यामागून दुसरा.

“सरक जरा,” गोजराबाई म्हणाली.

बहिरू जागचा हलला नाही. ती गाडीच्या तोंडाशी, दोन भिंतींच्या मध्ये खाली बसली, वाकली आणि हात आत घातला. उखळ कुठं आहे हे विचारलं नाही. बोटं काठाला लागली, एकेका दाण्यावरून पुढं पुढं गेली, आणि ओरखड्यावर येऊन थांबली.

“साळूबाईच्या पडवीत बसवून आलास मला,” ती म्हणाली. “तिचं उखळ आमी हसायचो त्येला, इतकं वाकडं.”

“मग तवा बोलली का न्हाईस?”

“तुजा आवाज घाबरल्यावानी आला. म्हटलं, काय लपवतुया त्ये लपवू दे.”

बहिरूचा बांध फुटला. उताण्या माणसाचे अश्रू कानात जातात, तसे ते गेले. मला ठाऊक नव्हतं, आज गाडीत तू सांगितलंस तेव्हा कळलं, एवढी वर्षं मी ह्यातच तेल सोडतोय, माझा पायसुद्धा लागलाय ह्याला, असं तो तुटक तुटक सांगत राहिला. लहान पोरानं काहीतरी फोडल्यावर सांगावं, तसा. गोजराबाई ऐकत होती की नव्हती कोण जाणे. तिचा हात काठावरून आत उतरत होता. बोटं तेलाला लागली. ती दचकली, हात वर घेतला, आणि मग सावकाश, सगळा तळवा तेलात बुडवला.

“ऊन-ऊन लागतंय की रे,” ती म्हणाली.

इंजिनचं तेल आहे, आत्ताच सोडलंय, घाण आहे, हात काढ, असं बहिरू म्हणाला. तिनं काढला नाही.

“तुजा बाप गेला तवा मी त्येच्या पायाला हात लावला व्हता,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. “तसलं गार मी पुन्ना कशाला हात लावून बघितलं न्हाई. मला वाटायचं, माजं उखळ बी पान्याखाली तसंच पडलं आसंल. म्हून कवा आले न्हाई. बाया बोलवायच्या, माजा पाय उचलायचा न्हाई. गार लागलं आसतं तर मी काय केलं आसतं?”

वर सुताएवढी धार चालूच होती, आणि तेल तिच्या मनगटाकडं चढत होतं. तिचे दोन्ही डोळे मिटलेले होते. इतका आटापिटा करून बघायला आली होती, आणि आता बघत नव्हती.

“हे तर ऊन हाय, बहिरू,” ती म्हणाली. “हितं कुनीतरी नांदतंय.”

बहिरूनं गाडीखालून हात लांब केला आणि तेलात बुडलेलं तिचं मनगट धरलं. कितीतरी वेळ मायलेकं तशीच राहिली, ती पडवीच्या तोंडाशी वाकलेली, तो पडवीत उताणा. खाली पाण्यावरून वारा येत होता.

मग तिनं त्याच्या बोटांवर हलकेच थोपटलं.

“काठोकाठ आलं बघ,” ती म्हणाली. “बूच लाव आता.”